वकील बैल आणि तरटामागचं सूप

सौसरच्या ढोरांच्या दवाखान्यात मी जितकी वर्षं नोकरी केली, तितक्या वर्षांत रजिस्टरातल्या ‘आजार’ या रकान्यात एकदाच ‘मुजोरी’ असं लिहिलं. वरच्या साहेबांनी त्यावर लाल शाईनं प्रश्नचिन्ह काढलं आणि समासात विचारलं, ‘उपचार?’ उपचार मला ठाऊक नव्हता. तो रामाकोन्याच्या कौसाबाईंना ठाऊक होता. त्या यंदाच्या चैत्रात गेल्या. नात्यानं मी त्यांचा कोणी नाही, मला सुतकही नव्हतं; पण नोकरीतले अनुभव लिहा असं या अंकाच्या संपादकांचं पत्र आलं आणि तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही. पानभर मजकुराला चार-चार दिवस लागताहेत. उशीर झाल्याबद्दल संपादकांनी क्षमा करावी.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मी डॉक्टर नव्हतो, कंपाउंडर होतो. डॉक्टर छिंदवाड्याला असत आणि महिन्यातून एकदा येत. उरलेले दिवस लोक मलाच डॉक्टरसाहेब म्हणत. सुरुवातीला मी दुरुस्ती करायचो. मग लक्षात आलं, की कंपाउंडरनं दिलेलं औषध लोक उकिरड्यावर टाकतात आणि डॉक्टरसाहेबांनी दिलेलं जनावराला पाजतात. दुरुस्ती करणं सोडलं.

कामाचं स्वरूप सांगायचं तर माणसांच्या दवाखान्यात रोगी खोटं बोलतो आणि सोबतचा माणूस खरं सांगतो. आमच्याकडे उलटं. रोगी बिचारा जे आहे ते दाखवतो, खोटं बोलतो तो त्याचा मालक. ‘काय खाऊ घातलं?’ विचारलं की ‘काईच नाई जी’ हे उत्तर ठरलेलं. पोट तर नगाऱ्यासारखं फुगलेलं. औषध पाजायचं बांबूच्या नाळेनं. एकानं शिंगं धरून डोकं वर करायचं, दुसऱ्यानं गालाच्या फटीतून नाळ सारायची. बैलाला वरचे पुढचे दात नसतात हे मी पुस्तकात वाचलेलं असल्यामुळे निर्धास्तपणे हात घातला. मागे दाढा असतात, हे पहिल्याच आठवड्यात कळलं. ते बोट अजून थंडीत ठणकतं.

एकदा बोरगावचा एक शेतकरी बैल घेऊन आला. तक्रार अशी, की बैल बहिरा झाला. ‘हाका मारमारून घसा बसला साहेब, हालत नाई.’ तो बोलत होता तेच मुळी अशा आवाजात, की समोरच्या दुकानातला माणूस बाहेर येऊन पाहायला लागला. मी बैलाच्या मागे जाऊन मुठीतली सरकी मुठीतच हळूच चुरगाळली. बैलाचे दोन्ही कान माझ्याकडे वळले. मी म्हणालो, ‘बैल बहिरा नाही. कंटाळलाय.’ त्याला ते पटलं नाही. कानात घालायला औषध मागून घेतलं. मी खोबरेल तेल दिलं आणि बजावलं, की तेल असेपर्यंत पंधरा दिवस मोठ्यानं बोलायचं नाही, नाहीतर गुण येणार नाही. पंधरा दिवसांनी बैल बरा झाल्याचं सांगायला तो आला, तेही हळू आवाजात.

या असल्या यशांमुळे जनावरांच्या स्वभावाबद्दल आपल्याला बरंच कळतं अशी माझी समजूत झाली होती. त्यात वकील आला.

रामाकोन्याच्या गणपतचा हा बैल. गणपत म्हणजे कौसाबाईंचा नवरा. उंच, देखणा, मिशीला तूप लावणारा. शंकरपटात जोडी हाकणाऱ्याला आमच्याकडे धुरकरी म्हणतात, आणि गणपत तालुक्यातला नावाजलेला धुरकरी. पट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. सरळ लांब पट्टी, हलका छकडा, त्यावर उभा किंवा टेकलेला धुरकरी, आणि दोन्ही बाजूंना सगळा तालुका. बैलाचं नाव वकील पडलं, कारण प्रत्येक गोष्टीला त्याची हरकत असे. मोकळा सोडला की हरणासारखा पळे. खांद्यावर जू आलं आणि धुरकऱ्यानं तुतारी, म्हणजे अणकुचीदार टोकाची काठी, उगारली, की जागच्या जागी बसून जाई. मग मारा, ओढा, शेपटी पिळा. तो रवंथ करत बसलेला. सौसरच्या रस्त्यावर एकदा असा बसला, की तहसिलीची मोटर अर्धा तास थांबली. त्याच दिवशी गणपत त्याला माझ्याकडे घेऊन आला आणि मी रजिस्टरात तो शब्द लिहिला.

‘औषध द्या जी काही. ताकतीचं.’

‘ताकद कमी नाही त्याची.’

‘मंग ताकत कमी करायचं द्या.’

गणपतची घाई मला नंतर समजली. पांढुर्ण्याला दौलतराव म्हणून एक गाडीवाले होते. जिनिंगमधून स्टेशनावर कापसाच्या गाठी नेणाऱ्या त्यांच्या गाड्या असत. बैल बसला तर त्याला उठवायचे त्यांचे उपाय सांगण्यासारखे नाहीत. त्यांच्याकडचा बैल दोन वर्षांत म्हातारा दिसे. चहाच्या हॉटेलात चार माणसांदेखत ते गणपतला म्हणाले होते, ‘पटात बसला तं मले देऊन टाकशीन?’ आणि गणपतनं मिशीवरून हात फिरवत शब्द दिला होता, ‘बसला तं घेऊन जा. त्याच पायी.’

बैल मात्र गणपतचा नव्हता. कौसाबाईंच्या माहेराहून त्यांच्यासोबत जी गाय आली होती, तिचं हे शेवटचं वासरू. तीन दिवसांचं असताना गाय मेली. कौसाबाईंनी त्याला भांड्यातून बोटानं दूध चाटवून वाढवलं. शब्द देताना त्यांना कोणी विचारलं नव्हतं. घरी आल्यावर कळलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं म्हणे, ‘आन् तुमी बसले तं तुमाले कोन घेऊन जाईन?’

मी औषध म्हणून मीठ-गूळ घेऊन रामाकोन्याला गेलो, तेव्हा त्यांना पहिल्यांदा पाहिलं. ठेंगण्या, सावळ्या, नऊवारीचा काष्टा घट्ट. अंगणात वकील जुवाखाली बसला होता आणि त्याच्या शेजारी त्याही बसल्या होत्या. पुढ्यात सूप, सुपात तूर. तुरीतले खडे वेचत होत्या.

‘काय करून राहिल्या?’ मी विचारलं.

‘दिसून राहिलं नं. बसून राहिली.’

‘आणि तो?’

‘तोही बसून राहिला. पाहू कोनाले आधी काम आठवते.’

मी ओट्यावर टेकलो. पिशवीत पुस्तक होतं, ते काढलं. तास गेला, दीड तास गेला. गणपत दोनदा तुतारी घेऊन आला आणि दोनदा बायकोच्या नजरेनं परत गेला. उन्हं माझ्या पायावर आली तेव्हा वकील उठला. तीन पावलं चालला. त्याबरोबर कौसाबाई उठल्या, जुवाची खिटी काढली, त्याला मोकळा केला आणि सुपाच्या पाठीवर दोनदा थाप मारून मूठभर सरकी समोर धरली.

‘एवढ्यासाठी?’ मी म्हणालो. ‘तीनच पावलं तर चालला.’

त्या माझ्याकडे वळल्या. आजही मला ते बोलणं शब्दन् शब्द आठवतं, कारण माझ्या कपाटातल्या कुठल्याच पुस्तकात ते नव्हतं.

‘डॉक्टरसाहेब, हा बसते तवा तुमी काय करता? मारता. मारून मारून थकले का मंग काय करता? सोडून देता. म्हंजे बसलं का सुटका, हे कोनं शिकवलं त्याले? मुजोर नाई तो. हुशार हाये. तुमी शिकवलं तेच करून राह्यला.’

‘आणि आता?’

‘आता बसलं का सुटका नाई. चाललं का सुटका. आज तीन पावलं, उद्या तीस. हाय काय त्याच्यात?’

गणपत दारातून म्हणाला, ‘ऐकून घ्या साहेब. आमच्या घरी सरकारी दवाखाना निंगाला.’

‘निंगाला तं निंगाला,’ बाई म्हणाल्या, ‘तुमची तुतारी ठेवा आधी तिकडं. ते वर झाली का त्याले बसाचं आठवते.’

सव्वा महिन्यात वकील वावराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पळायला लागला. कौसाबाई पलीकडच्या टोकाला उभ्या राहत, सुपावर थाप मारत, आणि हा जोडीच्या बैलाला ओढत वाऱ्यासारखा येई. पोचल्याबरोबर जू खाली. एका क्षणाचाही उशीर नाही. एकदा मी त्यांच्याशी बोलत राहिल्यामुळे खिटी काढायला थोडा वेळ लागला, तर माझ्यावरच खेकसल्या, ‘तुमच्या बोलन्यापायी चार दिवस वाया गेले माहे!’ गणपतला रिकाम्या हातानं छकड्यावर बसवलं होतं. तो कण्हत होता, ‘धुरकरी आन् हातात काही नाई? लोक हासतीन.’

‘हासू द्या. त्याहिचा बैल नाई चालला दौलतरावाकडं.’

अडचण एकच होती. पटाच्या मैदानात बाईनं पाऊल टाकायचं नाही, अशी रीत होती. बाईची सावली पट्टीवर पडली की जोडी फाटते, म्हणजे दोन बैल दोन दिशांना जातात, असं मानत. कौसाबाईंनी त्यावर तोडगा काढला होता. पट्टी संपते तिथं संत्र्याचा बगीचा होता. त्याच्या धुऱ्याआड, म्हणजे बांधाआड, बसायचं आणि सूप वाजवायचं. मैदानाबाहेर म्हणजे बाहेर.

त्याच हिवाळ्याच्या तोंडाशी राज्यांची नवी वाटणी झालेली. आमचे कागद आजवर नागपूरला जायचे. नागपूर परराज्यात गेलं आणि आम्ही भोपाळचे झालो. दवाखान्यात हिंदी फॉर्म आले. पटाला नव्या राज्याचे कोणी साहेब पाहुणे म्हणून यायचे ठरले. कमिटीनं त्यांच्यासाठी मांडव घातला आणि पटाच्या दिवशी सकाळी लक्षात आलं, की जोड्या मांडवाकडे पाठ करून सुटणार आणि सगळी धूळ साहेबांच्या तोंडावर उडणार. मांडव हलवणं अवघड. म्हणून कमिटीनं पटच फिरवला. आता जोड्या बगीच्याकडून सुटणार आणि उघड्या माळाच्या बाजूला, मांडवाच्या पुढ्यात पोचणार.

मी बगीच्याच्या धुऱ्यामागे गेलो. कौसाबाई सूप मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

‘पट फिरवला,’ मी सांगितलं.

त्यांचा चेहरा उतरला. पहिल्यांदाच. ‘मंग तो मांगं पाहीन. मले शोधन. आन् मी नाई दिसली तं बसन.’

पुढे जे केलं ते कुठल्या धैर्यानं केलं हे मला अजून समजलेलं नाही. मी मुळात भांडण दिसलं की रस्ता बदलणारा माणूस. पण तो उतरलेला चेहरा पाहिला होता, आणि सव्वा महिना पाहिलेल्या प्रयोगाचा निकाल न पाहता घरी जाणंही जमण्यासारखं नव्हतं. पटाला आलेल्या जनावरांना लस टोचायच्या कॅम्पचं सामान माझ्याजवळ होतंच. पट्टीच्या शेवटापलीकडे चार बांबू रोवले, भोवती तरट गुंडाळलं आणि पाटी लावली: ‘बुळकांडी. दूर राहावे.’ कौसाबाईंना उरलेल्या तरटाची वळकटी डोक्यावर देऊन, सरकारी सामान नेणारी बाई म्हणून, पट्टीला लांबून वळसा घालून आत पोचवलं.

एक गोष्ट मी विसरलो होतो. बुळकांडी हा जनावरांचा सगळ्यात वाईट रोग. एकेका गावचे गोठेच्या गोठे ओस पाडलेले लोकांनी पाहिले होते. पाटी वाचता येणाऱ्यांनी न येणाऱ्यांना सांगितली आणि दहा मिनिटांत निम्म्या जोड्या घरी जायच्या तयारीला लागल्या. कमिटीची माणसं माझ्यावर धावून आली. मी पाटीवर खडूनं ‘संशयित’ हा शब्द वाढवला. तेवढ्यात खुद्द साहेब मांडवातून उतरून चालत आले.

‘अंदर क्या है?’

‘गाय है, साहब,’ मी म्हणालो.

‘हमको दिखाइए.’

‘मत देखिए साहब. बिगड़ी हुई है. मारती है.’

त्याच क्षणी तरटामागून सुपावर थाड्‌ करून थाप पडली. साहेब दोन पावलं मागे सरले, म्हणाले, ‘हाँ, हाँ, रहने दीजिए,’ आणि मांडवात परतले. साहेबच भीत नाहीत म्हटल्यावर जोड्या थांबल्या. खरं म्हणजे साहेब भ्याले होते, पण लांबून ते तसं दिसलं नाही.

गणपतची पाळी आली. तो रिकाम्या हातानं छकड्यावर चढला तसा हशा पिकला. ‘काय बे गणपत, तुतारी सासरी ठेवली काय?’ दौलतराव मांडवाजवळ उभे होते. सोबत त्यांनी दावंही आणलं होतं.

निशाण पडलं. शेजारची जोडी सुटली. वकील हलला नाही. त्यानं मागे पाहिलं, बगीच्याकडे. कान हलवले. मग त्याचे पुढचे गुडघे हळूहळू वाकायला लागले. ‘बसला! बसला!’ लोक ओरडले. गर्दीतून कोणीतरी गणपतच्या हातात तुतारी कोंबली. गणपतनं ती घेतली. इतक्या वर्षांची सवय. हात वर गेला. मी पट्टीच्या टोकाला होतो, तरी मला तो हात दिसला.

मग गणपतनं तुतारी लांब भिरकावली. छकड्यावर सरळ बसून हाताची घडी घातली आणि तोंड दुसरीकडे केलं, जणू त्याला कुठं जायचंच नव्हतं. गर्दी चकित होऊन गप्प झाली. त्या शांततेत वाऱ्यावरून सुपाची थाप गेली. एक. दोन. वकिलाचे कान पुढे झाले. गुडघे सरळ झाले.

त्यानंतर मी त्याला पळताना पाहिलं नाही, आलेलाच पाहिला. पुढे गेलेल्या जोडीला त्यानं गाठलं, मागं टाकलं, शेवटची रेघ ओलांडली, पकडायला उभ्या असलेल्या माणसांना चुकवलं आणि छकड्यासकट माझ्या तरटात शिरला. चारही बांबू आडवे झाले. धूळ बसली तेव्हा सगळ्या तालुक्यासमोर, साहेबांसमोर, ऐन मैदानात कौसाबाई उभ्या होत्या, हातात सूप.

 तरटाशी झालेल्या झटापटीत त्यांचा पदर डोक्यावरून ढळला होता. दुसरी बाई असती तर आधी पदर सावरला असता आणि पळाली असती. त्यांनी आधी खिटी काढली. जू खाली घेतलं. वकिलाला सरकी दिली. त्याची मान खाजवली. मग पदर घेतला.

कमिटीनं जोडी बाद केली. मानाचा फेटा दुसऱ्याला गेला. गणपत भांडायला उठला, तर बाई म्हणाल्या, ‘ऱ्हाऊ द्या. फेटा कोनाले पाह्यजे होता?’ त्यांची नजर दौलतरावांवर होती. दौलतराव दावं गुंडाळत होते. लोकांनी डिवचलं, गुडघे वाकले होते, म्हणजे बसलाच की. ते म्हणाले, ‘पोट टेकलं नाई बाप्पा जमिनीले. मी पाह्यलं.’ आणि निघून गेले. या माणसाबद्दल वर लिहिलं ते खरं आहे; हेही खरं आहे.

जाता जाता कौसाबाईंनी मला गाठलं. ‘गाय म्हटलं ते चाललं, डॉक्टरसाहेब. बिघडलेली काहून म्हटलं?’

आठ दिवसांत वरून पत्र आलं. खोटी पाटी का लावली, विलगीकरणाच्या जागी स्त्री काय करत होती, खुलासा करावा. नोकरी जाण्याइतकं ते प्रकरण होतं. मी तीन दिवस बसून खुलासा लिहिला. बसक्या बैलाची सवय मोडण्याची नवी पद्धत, तिची कारणं, पायऱ्या, निरीक्षणं, सगळं नीट मांडलं. पटाचा प्रकार हा त्या पद्धतीच्या परीक्षेचा भाग असल्याचं दाखवलं. लिहिताना ‘ही पद्धत’ इथं येऊन थांबलो. कौसाबाईंचं नाव लिहिलं तर तरटामागची बाई कोण, हे कबूल करावं लागणार होतं. फॉर्मात रकाना होता ‘पशु-स्वामी का नाम’. मी लिहिलं, गणपत, मु. रामाकोना. पद्धत त्याची. स्त्री तिथं अनवधानानं आली होती.

खुलासा मंजूर झाला. इतका मंजूर, की त्याच्या प्रती इतर दवाखान्यांना पाठवल्या गेल्या. एक मलाही आली.

कौसाबाईंना ते कुठून तरी कळलं. पुढच्या खेपेला रामाकोन्याला गेलो तेव्हा म्हणाल्या, ‘वाचून दाखवा नं काय लिवलं ते.’ त्यांना अक्षरओळख नव्हती. मी प्रत काढली, वाचायला लागलो, आणि ‘गणपत’ या ठिकाणी आलो तेव्हा ‘श्रीमती कौसल्याबाई’ असं वाचलं.  त्यांनी मान डोलावली. मग चहा आला.

प्रत त्यांनी ठेवून घेतली. त्यानंतर मी जेव्हा जेव्हा गेलो, वकील म्हातारा होऊन मेला तरी, गणपत गेला तरी, मी निवृत्त झालो तरी, त्या ट्रंकेतून तो कागद काढत. ‘वाचा डॉक्टरसाहेब.’ मी वाचायचो. त्या ठिकाणी दरवेळी तेच नाव घ्यायचो. वाचून झाल्याशिवाय चहा येत नसे. मला वाटायचं, बाईंना कौतुक आहे. मनातून लाज वाटायची, आणि कागद जीर्ण होतोय याचं बरंही वाटायचं.

चैत्रात त्या गेल्यावर भेटायला गेलो तेव्हा नात सुनंदा घरी होती. ती सौसरच्या शाळेत शिकवते. तिनं तोच कागद माझ्यासमोर ठेवला. मी गडबडलो. म्हणालो, ‘तू वाचलास का कधी?’

‘चौथीत होती तवाच वाचून दाखवला आजीले,’ ती म्हणाली. ‘जसा लिवला हाये तसाच.’

म्हणजे पंचवीस-तीस वर्षं झाली. मी हिशेब करत बसलो. त्यानंतर मी किती वेळा वाचला असेल, आणि त्या समोर बसून किती शांतपणे ऐकत होत्या.

‘मग त्या काही बोलल्या नाहीत?’

‘मी म्हटलं होतं, आजी, हे डॉक्टरसाहेब खोटं वाचते, त्याहिले सांग. तं म्हने, सांगू नोको. वाचू दे. वाचता वाचता एक दिवस लिवीनही.’

बसक्या बैलाला उठवायची जी पद्धत पुढे सरकारी दवाखान्यांतून सांगितली गेली, ती मु. रामाकोना येथील श्रीमती कौसल्याबाई यांची आहे. गणपतची नाही, माझी तर नाहीच.